तिसऱ्या खांबावरची रेघ

आप्पांबद्दल लिही, आणि चांगलं लिही, असं मैथिली मॅडमनी मला बजावलंय. बघू. चांगलं लिहायला बसलं की मला राग येतो, आणि रागानं लिहायला बसलं की रडू येतं, त्यामुळं जसं येईल तसं लिहिते. आणखी एक. आमच्याकडं बायकासुद्धा बोलताना ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. लिहिताना मी शाळेतल्यासारखं लिहितेय, बोलणं आलं की आमचंच येईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या वडलांचं नाव आकाराम. भोगावतीवर आमच्या गावाशेजारी बंधारा आहे, तो ते सांभाळायचे. कागदावर ‘रोजंदारी मजूर’. बावीस वर्षं रोजंदारी. दरवर्षी कुणीतरी साहेब म्हणायचा, ‘आकाराम, औंदा तुझं काम होतंय बघ,’ आणि दरवर्षी साहेब बदलायचा.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. नदीत ओळीनं दगडी खांब उभे असतात. पावसाळा सरला की खांबांच्या खोबणीत आडव्या लोखंडी पट्ट्या एकावर एक घालायच्या, त्यांना बर्गे म्हणतात. अशा दोन रांगा घालायच्या आणि मधल्या फटीत माती ठासायची, की पाणी अडलं. मग मे संपेपर्यंत ते पाणी राखायचं. वरच्या धरणातनं पाणी सोडलं की ते चढतं, काठावरच्या शेतीपंपांच्या मोटारी सुरू झाल्या की उतरतं. चढलं की वरचे बर्गे आकड्यानं उचलायचे, उतरलं की परत घालायचे आणि परत माती ठासायची. जूनच्या तोंडाला सगळे काढायचे, नाहीतर पुरात बंधारा जातो.

काम अवघड नाही हो. पण ते सोडून कुठं जाता येत नाही, एवढंच त्यात आहे. ऑक्टोबर ते जून आप्पा त्या बंधाऱ्याच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत, आणि त्यांच्याबरोबर आम्ही. मी कोल्हापूरच्या दवाखान्यात जन्मले तेव्हा नेमकं पाणी सोडलं होतं, म्हणून आप्पा मला बघायला सतराव्या दिवशी आले. थोरले चुलते आजऱ्याला वारले तेव्हा आप्पा कमरेएवढ्या पाण्यात माती ठासत होते. जोतिबाची चैत्र यात्रा बावीस वर्षं चुकली. आईला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती म्हणायची, ‘माझं लगीन ह्या माणसाशी लागलंच न्हाई. ह्या दगडाशी लागलंय, आणि माणूस वर फुकट मिळालाय.’

मला भाऊ नाही. दहाव्या वर्षापासून मातीच्या पाट्या मी वाहिल्या, आणि पंधराव्या वर्षी आकडा मारून बर्गा एकटी उचलायला लागले. पोरी माझा हात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘अगं अनुजा, हा तुझा हात हाय का पैलवानाचा?’ मी हसायचे. मला त्या हाताची लाज वाटायची.

बंधाऱ्याच्या तिसऱ्या खांबावर आप्पांनी लाल ऑइलपेंटची एक रेघ ओढलीय. पाटबंधारे खात्याची मोजपट्टी पलीकडच्या काठाला आहे, पण तिच्यावरचे आकडे अर्धे पुसलेत. आप्पा दिवसातनं तीनदा रेघेपाशी वाकायचे आणि पाणी रेघेच्या किती बोटं खाली आहे ते मोजायचे. चार बोटं असली की सगळं ठीक. आम्ही घरात वेळ विचारावी तसं एकमेकांना ‘किती बोटं?’ असं विचारायचो.

तर अशा ठिकाणी दोन वर्षांपूर्वी मैथिली मॅडम आल्या. कोल्हापुरात कॉलेजात शिकवतात, आणि पाखरांच्या मागं असतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या मध्यावर, म्हशीचा खडक म्हणून एक सपाट खडक आहे. पूर्वी उन्हाळ्यात म्हशी तिथं जाऊन बसायच्या म्हणून ते नाव. मॅडमना तो खडक पाहिजे होता.

‘आकारामकाका, नदी सुरय माहितीय ना तुम्हाला? समुद्रावर जी सुरय पाखरं असतात त्यांचीच जात, पण नदीवर राहणारी.’

‘ती पांढरी, पिवळ्या चोचीची, काळी टोपी घातल्यागत? शेपटीला दोन फाटं असल्याली? दिसत्यात की अधनंमधनं.’

‘अधनंमधनंच दिसतात आता. खालच्या अंगाला वाळूचं बेट होतं, तिथं ती अंडी घालायची. बेटाची वाळू उपसून नेली. उघड्या जमिनीवर अंडी घालणारं पाखरू आहे. बेट गेलं तर जाणार कुठं? जगातनंच कमी होत चाललंय ते. आपण त्यांना इथं नवी वसाहत करून द्यायची.’

आप्पा म्हणाले, ‘खडक तर हाय. येत्यात व्हय ती?’

‘एकटं पाखरू नव्या जागी उतरत नाही. आधीच कुणीतरी बसलंय असं दिसलं तर उतरतं. म्हणून आपण खोटी पाखरं बसवू. आणि खऱ्यांचा आवाज लावू.’

आक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘बया! पाखरांस्नी फसवायचं काम काढलंय व्हय?’ मॅडम हसल्या, पण आप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘मला काय करावं लागंल?’

तेव्हा मॅडमनी खरी मेख सांगितली. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत पन्नासेक दिवस लागतात. तेवढे दिवस पाणी चढता कामा नये, नाहीतर घरटी बुडतील. उतरताही कामा नये, नाहीतर खडक आणि काठ यांच्यामधले दगड उघडे पडतील आणि गावची कुत्री चालत जातील. आप्पांनी तिसऱ्या खांबाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘चार बोटं. ठेवतो.’

त्यांना कुणी इतक्या वर्षांत त्यांची बोटं कामाची आहेत असं म्हटलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

खोटी पाखरं कोल्हापुरात एका गणपतीच्या कारखान्यात करून घेतली, चाळीस, फायबरची. रंगवायला फक्रुद्दीनचाचा. चाचा एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतात, पण गणपतीच्या हंगामात त्यांना फक्त डोळ्यांच्या आखणीला बोलावतात. त्यांनी आखलेला डोळा आपण कुठंही उभं राहिलं तरी आपल्याकडंच बघतो, अशी त्यांची ख्याती. मॅडमनी त्यांना फोटो देऊन ठेवले होते. पाखरं घेऊन चाचा स्वतः टेम्पोतनं आले, आणि पेट्या उघडल्यावर आम्ही बघतच राहिलो. अंग, चोच, टोपी, सगळं हुबेहूब. आणि प्रत्येक पाखराला लांब, पाणीदार, पापण्यांसकट डोळे.

मॅडम जरा चाचरल्या. ‘चाचा, फोटोत डोळे असे नव्हते.’

‘फोटूत डोळंच न्हवतं, म्याडम. सगळं काळं. फोटू काढणाऱ्यानं घाण केल्ती. मी केलं दुरुस्त. अवो, डोळ्याबिगर वस्तूत जीव येतोय व्हय?’ चाचा एवढ्या हौसेनं बोलत होते की मॅडमनी पाखरं तशीच ठेवून घेतली.

गुऱ्हाळाची जुनी काहील होती, गूळ कढवायची ती मोठी कढई. पुरात आमच्याकडं तीच नाव होते. तिच्यात बसून आप्पांनी आणि मी चाळीस पाखरं खडकावर नेली, बारीक खडी पसरली, सोलरवरचा भोंगा लावला. भोंगा दिवसभर किर्रर्र किर्रर्र करायचा. आक्का म्हणायची, ‘आधी नवरा बोलायचा न्हाई, आता दगूड बोलाया लागलाय.’

फेब्रुवारीत सुरय यायच्या. खडकावर दोन घिरट्या मारायच्या, कर्कश ओरडायच्या आणि निघून जायच्या. मार्च गेला, एप्रिल गेला. मॅडमचं तोंड उतरत गेलं. गावात टिंगल सुरू झाली, ‘आकाराम, प्लॅस्टिकनं अंडी घातली काय रं?’

आप्पा मात्र रोज खोलीच्या दारात बसून खडकाकडं बघायचे. मे महिन्यात एक दिवस ते मला म्हणाले, ‘अनू, मला हितं बसून कसंतरी हुतंय. चाळीस जणं टकामका माझ्याकडंच बघत्यात.’

‘मग बघू नका की.’

‘तसं न्हवं. आज सकाळी एक सुरय पाचव्या खांबावर बसल्ती. धा हातावर. तिचा डोळा दिसतच न्हाई. काळ्या टोपीत काळा डोळा. फोटूवाला बरोबर हुता. आता मला सांग, तुझ्या दारात चाळीस जणं डोळं वटारून बसल्याली असली, तर तू आत जाशील?’

त्यांनी खात्याच्या रंगाचा उरलेला काळा डबा घेतला, काहिलीत बसले, आणि चाळीस पाखरांचे ऐंशी डोळे बुजवून आले. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘असेल काका, नसेलही. पुढच्या वर्षी कळेल.’ चाचांना हे कळल्यावर ते महिनाभर आप्पांशी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, सतरा फेब्रुवारीला पहिली सुरय खडकावर उतरली. एका खोट्या पाखराशेजारी बसली, त्याला चोच लावून बघितली आणि तिथंच पंख आवरले. आप्पांनी मला हाक मारली नाही. मी गेले तेव्हा ते तोंडावर हात धरून उभे होते, आपला श्वास पाखराला ऐकू जाईल अशा बेतानं. मार्च संपताना खडकावर अकरा जोड्या होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंडी. एका-एका घरट्यात दोन-तीन, मातकट, ठिपक्यांची. घरटं म्हणजे नुसता खडीतला खळगा. चाचा दुर्बिणीतनं बघून गेले आणि जाताना आप्पांना म्हणाले, ‘पुसलंस ते बेस केलंस लेका.’

आणि त्याच आठवड्यात आप्पांची ऑर्डर आली.

कायम. बावीस वर्षांनी. कोल्हापुरातल्या ऑफिसात, शिपाई म्हणून, राहायला क्वार्टर. पंधरा एप्रिलपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर आदेश आपोआप रद्द. आक्कानं तो कागद देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. मी तर आतनं उड्याच मारत होते. मी बीएससी झालेय, लॅबचा कोर्स केलाय. शाहूपुरीतल्या एका लॅबनं मला बोलावलं होतं, पण सकाळी साडेसहाला रक्त घ्यायला हजर पाहिजे. आमच्या गावातनं त्या वेळेला एसटी नाही. क्वार्टर मिळाली की तेही सुटत होतं. लॅबवाले म्हणाले, पंधराला या, नाहीतर दुसरी मुलगी घेतो. आमच्या तिघांची सुटका एकाच तारखेला होती.

आप्पांनी साहेबांना विचारलं, ‘बंधाऱ्यावर कोण?’ साहेब म्हणाले, ‘नवीन माणूस जूननंतर. तोवर गावातल्या कुणाला तरी बघायला सांग. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.’

गावातला एक जण तयार झाला. आप्पांनी त्याला चार दिवस सगळं शिकवलं. दहा तारखेला आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. आप्पांना डॉक्टरचा दाखला काढायचा होता, आक्काला क्वार्टर बघायची होती. दोनच खोल्या, पण नळ घरात. आक्कानं नळ तीनदा सोडून बघितला. दुपारी आम्ही परत आलो आणि बंधाऱ्यावर चढलो, तर रेघ दिसेना.

पाणी रेघेच्या वर गेलं होतं. वरनं पाणी सोडलं होतं, आणि आमचा माणूस हातकणंगल्याला पाव्हण्यांच्या लग्नाला. त्याचं तरी काय चुकलं? एक दिवस तर होता. आप्पा आणि मी अंगातल्या चांगल्या कपड्यांसकट पाण्यात उतरलो आणि बर्गे उचलले. पाणी उतरलं तेव्हा खालच्या अंगाची तीन घरटी गेली होती. त्यांतली एक सुरय नुसत्या ओल्या खडीवर बसून होती. खाली अंडी नव्हती, तरी ती उठत नव्हती.

आप्पा कितीतरी वेळ तिच्याकडं बघत होते. मग खोलीत आले, ऑर्डरचा कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि म्हणाले, ‘मी न्हाई जात.’

आक्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चुलीवरची चहाची पातेली उतरवली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, ‘आपण कुठं जायचं न्हाई. आपण हितंच मरायचं. मला ठावं हुतं.’

माझं डोकं फिरलं. मी आप्पांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ‘आठ घरट्यांसाठी बायकोचा गळा दाबताय,’ असंही म्हणाले. ते मान खाली घालून ऐकत होते. मग ते हळूच म्हणाले, ‘मी त्यास्नी बोलवलंय, अनू. ती आपणहून आली न्हाईत. खोटी पाखरं दावून, खोटा आवाज लावून मी बोलवलंय. आता सोडून कसं जाऊ?’

आणि तोंडात आलं ते मी बोलून गेले. ‘तुम्ही जावा. मी बघतो पाणी.’

आता खरं सांगते. मी काही देवमाणूस नाही. हे मी रागानं म्हणाले होते, त्यांना लाज वाटावी म्हणून. मला वाटलं आप्पा म्हणतील, खुळी हाईस काय, तुझी लॅब हाय, तुझं आयुष्य हाय. मी त्यांच्या तोंडाकडं बघत थांबले. आक्कापण भिंतीकडनं वळून बघायला लागली. आप्पांनी पेटी उघडली, कागद परत बाहेर काढला आणि मला म्हणाले, ‘सकाळी पयल्यांदा रेघ बघत जा.’

त्यांनी ‘नको’ म्हटलंच नाही.

पंधराला आप्पा-आक्का कोल्हापूरला गेले. ज्या सकाळी मी लॅबमध्ये असणार होते, त्या सकाळी मी वाकून बोटं मोजत होते. पाच. वरच्या रांगेत दोन बर्गे घातले, माती ठासली, चार झाली. अकराला फोन वाजला. ‘किती बोटं?’ ‘चार.’ ‘बरं.’ आणि ठेवला. एकला परत. चारला परत. रोज. मी जेवले का, रात्री त्या पत्र्याच्या खोलीत एकटीला भीती वाटते का, काही नाही. नुसतं ‘किती बोटं?’ एकदा मी रागानं म्हटलं, ‘एक! बुडालं सगळं!’ पलीकडं एवढं शांत झालं की मीच घाबरले आणि म्हटलं, ‘चार हायत आप्पा, चार हायत.’

मला त्या पाखरांचा रागच होता. पण दुसरं बघायला तरी काय होतं? एप्रिलच्या उन्हात खडक तव्यासारखा तापायचा. मग घरट्यावरची सुरय उडायची, पाण्यावर पोट टेकवून भिजवायची आणि परत येऊन ते ओलं पोट अंड्यांवर धरायची, दिवसातनं कितीदा तरी. ती गेली की तेवढ्यापुरता नर बसायचा. तिला पंख आहेत, समोर सगळी नदी आहे, आणि ती त्या खड्ड्यापासनं वीस हातांच्या पलीकडं जात नव्हती. मी मनातनं म्हणायचे, ‘बस बाई, तूपण बस.’

मेच्या पहिल्या आठवड्यात उसाला पाणी द्यायची घाई सुरू झाली. सगळ्या मोटारी एकदम चालल्या आणि दुपारपर्यंत पाणी नऊ बोटं उतरलं. दगड उघडे पडले. काठाला तीन कुत्री येऊन उभी. तोवर पिल्लं अंड्यांतनं बाहेर आली होती, खडीच्याच रंगाची, नुसती तुरुतुरु पळणारी. मी एका हातानं दगड भिरकावत होते आणि दुसऱ्या हातानं मातीची पाटी ओढत होते. खांबांमधल्या तीन मोऱ्या एकटीनं ठासल्या. बर्ग्याच्या कडेनं तळहात फाटला. चारला फोन आला तेव्हा हाताला फडकं गुंडाळून उचलला. ‘किती बोटं?’ ‘सहा. हुत्यात चार.’ ‘बरं.’

लॅबमध्ये त्या आठवड्यात दुसरी मुलगी लागली.

पंचवीस मेपासून पिल्लं उडायला लागली. आधी खडकावरच पंख मारून बघायची, मग फूटभर वर, मग एक दिवस पाण्यावरनं लांबवर जाऊन परत. एकतीस मेला, शनिवारी, शेवटची दोन उडाली. एकूण सतरा. सगळा थवा बंधाऱ्यावरनं खालच्या अंगाला गेला आणि परत आलाच नाही. खडकावर माझी चाळीस आंधळी पाखरं तेवढी राहिली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग मला एवढं एकटं वाटलं की मी आक्काला फोन लावून नुसती रडले.

दुसऱ्या दिवशी रविवार. बर्गे काढायला आप्पा पहिल्या एसटीनं आले. दीड महिन्यात त्यांची पँट ढगळ झाली होती. आल्या आल्या खडकाकडं बघितलं.

‘सगळी गेली?’

‘व्हय. काल.’

‘कशी गेली?’

मी सांगितलं. ते खांबावर बसून ऐकत होते, लहान पोरानं ऐकावं तसं. सांगून झाल्यावर त्यांनी खिशातनं एक कागद काढला. ‘राजीनामा लिवलाय. उद्या देतो. मी हितं येतो परत. तू जा कोल्हापूरला, कुठंबी लॅब बघ, खोली बघ. माझं चुकलं, अनू. त्या दिवशी मी नको म्हणाया पायजे हुतं. तोंडातनं शब्दच फुटला न्हाई.’

मी कागद वाचला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं कुणाचं तरी बघून लिहिलं होतं, आणि खाली त्यांची मोठ्या मोठ्या अक्षरांची सही. दीड महिना मी ह्याच शब्दांची वाट बघत होते. आणि मी काय केलं? कागद टराटरा फाडला आणि नदीत टाकला.

‘मग मी एवढं दिवस हितं काय केलं?’ मी ओरडले. ‘माझी लॅब गेली ती कशासाठी गेली? तुम्ही त्या खुर्चीत बसलाय म्हणून माझं गेलंय ते वाया गेलं न्हाई असं म्हणता येतंय. तुम्ही उठला की सगळंच गेलं. आणि आक्काचा नळ? तो कोण देणार? तुम्ही तिथनं उठायचं न्हाई आप्पा. अजिबात उठायचं न्हाई!’

‘मला तिथं दम कोंडतोय, पोरी. भिंतीकडं बघून बसतोय दिसभर. घंटी वाजली की उठतोय.’

‘मला बी हितं कोंडतोय की.’

आप्पा रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मग आम्ही दोघं पाण्यात उतरलो आणि संध्याकाळपर्यंत बर्गे काढले. पाणी रेघेखाली हातभर गेलं, दोन हात गेलं, खडक आणि काठ एक झाले. कुत्री येऊन खोटी पाखरं हुंगून गेली.

जून गेला, पाऊस गेला, नवीन माणूस काही आला नाही. ऑक्टोबरात साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘तुला सगळं येतंय तर तूच बघ की.’ कागदावर लिहिलंय, ‘रोजंदारी मजूर’. मी हो का म्हटलं? लॅबवाल्यांनी परत विचारलं नाही हे एक कारण. दुसरं कारण खडकावर आहे, आणि ते मला कबूल करायला आवडत नाही.

बर्गे घातले, माती ठासली. अकराला, एकला, चारला फोन. ‘किती बोटं?’ ‘चार.’ ‘बरं.’ आप्पांना आता ऑफिसात चहाची ऑर्डर घेऊन जावं लागतं, साहेबांच्या दारात स्टुलावर बसावं लागतं. आक्का सांगते, घरी येऊन ते नळाखाली बादली लावतात आणि भरताना तिच्यात बोटं धरून बसतात.

परवा, अठरा फेब्रुवारीला, सकाळी रेघ बघायला वाकले तर डोक्यावरनं किर्रर्र आवाज गेला. भोंगा अजून लावलाच नव्हता. सुरय होत्या. मी मोजल्या. सव्वीस. घिरट्या न घालता सरळ खडकावर उतरल्या, जसं काही कालच गेल्या होत्या. मी पहिल्यांदाच आपणहून आप्पांना फोन लावला. ते दबक्या आवाजात म्हणाले, ‘थांब, बाहेर येतो.’ जिन्याचा आवाज आला, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

‘आप्पा, आल्या. सव्वीस.’

मी वाट बघत होते, आता विचारतील किती बोटं, आता विचारतील.

‘अनू,’ ते म्हणाले, ‘जेवलीस?’

‘न्हाई,’ मी म्हटलं, आणि फोन ठेवून पाणी बघायला गेले.